आरसी रेसिंगकडे पुन्हा वळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरसी म्हणजे रेडिओ-कंट्रोल, रिमोटवर चालणारी गाडी. शिक्षण, नोकरी, संसार यात ती माळ्यावर गेली आणि आता हात पुन्हा शिवशिवायला लागलेत, अशा लोकांचे प्रश्न सतत येतात. कुणी ऐंशीच्या दशकात आखातातून आलेल्या मामाच्या बॅगेतली गाडी चालवलेली, कुणी लंडनजवळच्या एखाद्या क्लबात दर आठवड्याला शर्यत लावलेली, कुणी कॉलेजच्या टेक्निकल फेस्टिव्हलसाठी गाडी बांधलेली. इथली उत्तरं मुख्यतः १/१० मापाच्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी आहेत. इंजिनवाल्या गाड्यांसाठी थेट प्रश्न १४ वाचा.

१. वीस-पंचवीस वर्षांनी परत येतोय. नक्की काय बदललंय?

बॅटरी, मोटर आणि रेडिओ हे तिन्ही पूर्ण बदललं. सहा सेलच्या ७.२ व्होल्टच्या निकेल-कॅडमियम पॅकच्या जागी दोन सेलची ७.४ व्होल्टची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) आली. ब्रशवाल्या मोटरच्या जागी ब्रशलेस आली, त्यामुळे कम्युटेटर घासणं, ब्रश बदलणं संपलं. क्रिस्टल आणि लांब अँटेना जाऊन २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आले. फेऱ्या आता गाडीतल्या ट्रान्सपॉन्डरवरून (गाडीची ओळख पाठवणाऱ्या छोट्या ट्रान्समीटरवरून) मोजतात.

बदललं नाही ते असं: शॉकमध्ये सिलिकॉन तेल अजून हातानेच भरावं लागतं, बुडबुडे निघेपर्यंत थांबावं लागतं. डिफ (डिफरेन्शियल, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) घट्ट की सैल यावर गाडीची वळायची वृत्ती ठरते. कॅम्बर, टो-इन, राइड हाइट हे चाकांच्या कलाचे आणि गाडीच्या उंचीचे शब्द तेच आहेत. ज्यांनी एकेकाळी या गोष्टी समजून घेतल्या होत्या त्यांची शिदोरी वाया गेलेली नाही, आणि पहिल्याच महिन्यात ती कामाला येते.

२. माळ्यावरची टामिया या जपानी कंपनीची हॉर्नेट बग्गी तशीच बाहेर काढून चालवू का?

चालवा, पण आधी एक संध्याकाळ तिला द्या. सगळ्यात आधी रिमोटमधले पेन्सिल सेल बघा. ते आतच राहिले असतील तर बहुधा गळलेले असतात आणि स्प्रिंगांवर हिरवट-पांढरा थर बसलेला असतो. मग टायर दाबून बघा. रबर नख रुतू नये इतकं कडक झालं असेल तर पकड मिळणार नाही. शॉकचे ओ-रिंग सुकलेले असतात, तेल खाली गळून धुळीत मुरलेलं असतं. पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी स्क्रूच्या भोकांपाशी तडकते. नायलॉनचे भाग ठिसूळ झाले असतील, म्हणून पहिल्याच दिवशी उडी मारायचा मोह टाळा. गिअरबॉक्स उघडा, जुनं घट्ट झालेलं ग्रीस पुसा, नवं लावा.

एक सोपी सुधारणा जरूर करा. त्या काळच्या किटमध्ये बरेचदा प्लॅस्टिकचे किंवा ब्राँझचे बुश यायचे. त्यांच्या जागी बॉल बेअरिंग घाला. तीच मोटर, तीच बॅटरी, तरी गाडी मोकळी पळते.

मात्र हे सगळं झालं तरी ती क्लबच्या आजच्या शर्यतीत टिकणार नाही. १९८४ च्या गाडीचा मागचा सॉलिड अ‍ॅक्सल खड्ड्यात उड्या मारतो आणि शेजारून आजची बग्गी सरळ निघून जाते. तिला मैदानावर, अंगणात, मुलांसोबत चालवा. त्या गाड्यांना वेगळी जागा आहे, प्रश्न १३ पाहा.

३. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या आणि चार्जर वापरता येतील का?

बॅटऱ्या नाही. वीस वर्षं पडून राहिलेला पॅक चार्ज झाल्यासारखा दाखवतो आणि दोन मिनिटांत बसतो. कॅडमियम विषारी आहे, तेव्हा पॅक घंटागाडीत टाकू नका. ई-कचरा किंवा बॅटरी घेणाऱ्या केंद्रात द्या. भारतात २०२२ चे बॅटरी कचरा नियम आहेत आणि त्यानुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

जुन्या चार्जरबद्दल अगदी स्पष्ट सांगतो. त्यावर लिपो कधीही लावू नका. निकेलचे चार्जर बॅटरी भरल्यावर व्होल्टेज किंचित खाली येण्याची वाट बघतात. काहींना तर फक्त टायमर असतो. लिपोत तो उतार येतच नाही. चार्जर करंट ढकलत राहतो, सेल फुगतो आणि पेट घेतो. लिपोसाठी बॅलन्स चार्जर (प्रत्येक सेल सारखा भरणारा) हवाच, त्यात काटकसर नको.

४. लिपोच्या आगीचे व्हिडिओ बघून भीती वाटते. घरात ठेवणं बरोबर आहे का?

भीती योग्य आहे, पण चार सवयी लागल्या की घरात ठेवता येते.

सेल पूर्ण भरला की ४.२० व्होल्ट. वापरताना ३.३ च्या आसपास थांबायचं, ३.० च्या खाली गेला की तो कायमचा बिघडतो. आठवडाभर चालवायची नसेल तर ३.८० ते ३.८५ वर ठेवा. चार्जरवर ‘स्टोरेज’ असा पर्याय असतो. परतलेल्या लोकांच्या बॅटऱ्या सर्वाधिक मरतात त्या इथेच. रविवारी सगळे पॅक भरून ठेवले, पाऊस आला, रेस रद्द झाली आणि पॅक महिनाभर भरलेलेच राहिले.

चार्जिंग बॅलन्सची तार जोडूनच आणि ‘१-सी’ वर करा, म्हणजे ५००० एमएएचच्या पॅकला ५ अँपिअर. गरम बॅटरी लगेच लावू नका. चार्जिंग फरशीवर, लिपो बॅगेत, पडदे-गाद्यांपासून दूर आणि आपण खोलीत असताना. रात्री लावून झोपायचं नाही. फुगलेला पॅक वापरायचा नाही आणि टाचणी टोचून तर मुळीच बसवायचा नाही. एप्रिल-मे महिन्यात पुण्या-नागपूरच्या उन्हात उभ्या कारच्या डिकीत बॅटरी सोडू नका.

शर्यतीसाठी कडक कवचाचा, हार्डकेस पॅक घ्या. बहुतेक ठिकाणी तो सक्तीचा असतो.

५. माझा क्रिस्टलवाला रिमोट उत्तम स्थितीत आहे. तो चालेल का?

एकट्याने मैदानावर चालवायला चालेल. ट्रॅकवर मात्र नको. २७ मेगाहर्ट्झवर तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे सहा रंग होते, प्रत्येक रंग म्हणजे एक वारंवारिता, आणि आपल्या रंगाचा क्लिप ट्रॅकवरच्या फळ्यावरून काढून आणल्याशिवाय रिमोट चालू करायचा नाही, अशी शिस्त होती. आज तो फळाच नसतो, त्यामुळे त्याच वारंवारितेवर दुसरं काही चालू आहे का हे कुणी बघत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट आपल्या रिसीव्हरशी ‘बाइंड’ होतो आणि पंधरा गाड्या एकत्र चालल्या तरी गोंधळ होत नाही.

नवा घेताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. एका कंपनीचा रिमोट आणि दुसऱ्या कंपनीचा रिसीव्हर सहसा जुळत नाही. रिसीव्हरच्या छोट्या अँटेनाचं टोक उभं ठेवा आणि ते कापू नका. आणि फेलसेफ सेट करा, म्हणजे सिग्नल तुटला की गाडी ब्रेक लावून थांबेल. रिमोट बंद करून चाकं हवेत असतानाच हे तपासा.

६. जुना सर्व्हो नव्या ईएससीवर लावला आणि जळला. असं का?

सर्व्हो म्हणजे स्टीअरिंग वळवणारी छोटी मोटर, ईएससी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर. जळला तो व्होल्टेजमुळे. जुने सर्व्हो ४.८ ते ६ व्होल्टसाठी बनलेले असत. नव्या स्पीड कंट्रोलरचा बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होला वीज देणारा भाग) ६ किंवा ७.४ व्होल्ट देतो. काही ईएससीत हे कमी करता येतं, तर तसं करा. दुसरं कारण म्हणजे पिनांचा क्रम. जुन्या सान्वाच्या काही सर्व्होंच्या तारांचा क्रम आजच्यापेक्षा वेगळा आहे, आणि उलटा लावला की सर्व्हो जातो. लावण्याआधी लाल तार मधल्या पिनेवर येते का ते बघा.

७. ‘१७.५’, ‘१३.५’, ‘ब्लिंकी’ म्हणजे काय?

आकडे मोटरच्या गुंडाळीचे आहेत. वेढे कमी तितका वेग जास्त आणि करंटही जास्त. जुनी चंदेरी ५४० मोटर साधारण २७ वेढ्यांची. ब्रशलेसमध्ये २१.५ तिच्याहून थोडी चपळ, १७.५ त्याहून बरीच जोरकस, मग १३.५, १०.५ आणि खाली मॉडिफाइड (वेढ्यांचं बंधन नसलेल्या मोटर). ब्रशलेसचे वेढे आणि ब्रशवाल्या मोटरचे वेढे थेट ताडून बघू नका.

‘ब्लिंकी’ म्हणजे स्पीड कंट्रोलरने स्वतःहून टायमिंग (मोटरचा वेग वाढवणारी सेटिंग) वाढवायचं नाही असा मोड. तो चालू आहे हे दाखवायला त्याचा दिवा लुकलुकतो, म्हणून हे नाव. त्यामुळे पैसे ओतून वेग विकत घेण्याला आळा बसतो. परतणाऱ्यासाठी हा नियम म्हणजे वरदान आहे.

जोडणी करताना काळजी घ्या. सेन्सरवाल्या मोटरच्या तीन जाड तारा ए-बी-सी अशाच क्रमाने लावायच्या. सेन्सर नसलेल्या मोटरमध्ये दोन तारा अदलाबदल केल्या की दिशा उलटते, पण सेन्सरवाल्यात तसं केलं तर मोटर किंवा ईएससी बिघडू शकते.

८. कुठल्या क्लासात उतरू आणि पहिली गाडी कुठली घेऊ?

आधी ज्या ट्रॅकवर चालवणार तिथे एक दिवस नुसते बघायला जा. तिथे ज्या क्लासात सगळ्यात जास्त गाड्या असतील तोच क्लास तुमचा. हा सल्ला इतर सगळ्या सल्ल्यांच्या वर ठेवतो, कारण पार्ट तुटला की शेजारच्या टेबलावर तो मिळतो, सेटअप विचारायला माणूस मिळतो आणि शर्यत लागते. सुंदर गाडी घेऊन एकट्याने फेऱ्या मारण्यात मन रमत नाही.

निवड असेल तर १७.५ किंवा त्याहून संथ मोटरची टू-व्हील-ड्राइव्ह बग्गी घ्या. तिच्यात चुका लगेच कळतात आणि हात तयार होतो. फोर-व्हील-ड्राइव्ह सोपी वाटते, पण पार्ट दुप्पट आणि देखभालही. मॉडिफाइड मोटरकडे पहिलं वर्षभर बघूच नका. वयानं मोठे लोक जुन्या रुबाबात थेट तिथे जातात आणि तीन रविवारांत कंटाळतात.

ब्रँडपेक्षा जवळपास पार्ट मिळतात का ते महत्त्वाचं. असोसिएटेड, एक्स-रे, योकोमो, श्यूमाकर, लोसी यांपैकी कुठलीही आजची बग्गी तुमच्या-माझ्यापेक्षा वेगवान आहे. सेकंड-हँड घ्यायला हरकत नाही. फक्त मागची पिढी घ्या, त्याच्याही मागची नको.

९. जुन्या चेसिसवर ब्रशलेस बसवली तर?

बसते, आणि मग एकामागून एक पार्ट तुटतात. टामियाचीच ग्रासहॉपर मुळात छोट्या ३८० मोटरसाठी होती, हॉर्नेट ५४० साठी. त्या गिअरबॉक्सना आणि डॉगबोनना (चाकं फिरवणाऱ्या दांड्यांना) ब्रशलेसचा झटका सोसत नाही. बसवायचीच असेल तर २१.५ घ्या आणि ईएससीत सुरुवातीचा झटका कमी करा.

दोन अडचणी हटकून येतात. जुन्या ईएससीत, आणि सर्व्होने फिरणाऱ्या मेकॅनिकल स्पीड कंट्रोलमध्ये तर नक्कीच, लिपो फार उतरण्याआधी गाडी थांबवणारा कट-ऑफ नसतो. बॅलन्सच्या प्लगवर लावायचा छोटा व्होल्टेज अलार्म घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी पॅक ३ व्होल्टच्या खाली जाईल. आणि गिअरच्या दातांचं माप. टामियाचा ०.६ मॉड्यूल आणि अमेरिकन ४८ पिच डोळ्यांना सारखे वाटतात, पण ते वेगळे आहेत. एकत्र लावले तर स्पर गिअर (मोटरच्या गिअरला जुळणारा मोठा गिअर) काही फेऱ्यांत खल्लास. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) लावताना दोन्ही गिअरमध्ये कागदाची पट्टी फिरवून घट्ट करा आणि मग पट्टी काढून घ्या. तेवढी फट बरोबर असते.

१०. माझी जुनी हत्यारं चालतील ना?

बघून वापरा. टामियाचे स्क्रू फुलीचे दिसतात पण ते जपानी मापाचे, जेआयएस असतात. साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी खराब होतात. जेआयएसचा घ्या, फरक पहिल्याच स्क्रूला कळतो.

जुन्या अमेरिकन गाड्यांना इंची अ‍ॅलन की लागते. १/१६ इंच म्हणजे १.५९ मिलिमीटर. त्यात १.५ ची की घातली तर ती आत सैल बसते, जोर लावला की घसरते आणि स्क्रूचं भोक गोल होतं. मग तो काढायला ड्रिल आणावं लागतं. आजच्या बहुतेक गाड्या मेट्रिक आहेत आणि १.५, २.० व २.५ च्या तीन चांगल्या की वर जवळजवळ सगळं होतं. स्वस्त कींचा संच घेण्यापेक्षा या तीनच चांगल्या घ्या.

११. वय ५० च्या पुढे. हात परत बसेल का? तरुणांपुढे निभाव लागेल का?

बसेल. गाडी समोरून आपल्याकडे येताना स्टीअरिंग उलटं वाटणं पहिल्या एक-दोन दिवसांत परत सवयीचं होतं. डोळ्यांचं मात्र आधी बघा. जवळचा चष्मा वेगळा, ट्रॅकचा वेगळा. प्रोग्रेसिव्ह काचांनी लांबची गाडी कडेने धूसर दिसत असेल तर लांबचा साधा चष्मा लावून उभे राहा.

तरुणांशी तुलना करताना हा हिशेब मांडा. पाच मिनिटांची शर्यत, २० सेकंदांची फेरी, म्हणजे १५ फेऱ्या. गाडी उलटली आणि मार्शलने (ट्रॅकवर उभ्या मदतनिसाने) उभी केली की साधारण ६ सेकंद गेले. दोनदा उलटली की १२ सेकंद, म्हणजे प्रत्येक फेरीत ०.८ सेकंद. एवढा वेग कुठल्याही मोटरने मिळत नाही. न उलटता चालवणारा पन्नाशीचा माणूस त्याच्याहून फेरीत अर्धा सेकंद वेगवान असलेल्या पोराला सहज मागे टाकतो, आणि दर रविवारी टाकतोच. १४ वेळा जागतिक विजेता झालेला जपानचा मासामी हिरोसाका ज्या गोष्टीसाठी ओळखला जातो ती हीच, रेषा न सोडता फेरीमागून फेरी.

सरावासाठी व्हीआरसी प्रोसारखा सिम्युलेटर घरी खूप उपयोगी पडतो, विशेषतः पावसाळ्यात. सरावात सर्वांत वेगवान फेरी बघू नका. सलग दहा फेऱ्यांमधला फरक बघा.

१२. आता रेसच्या दिवशी काय काय असतं? आणि टायरचं काय?

नोंदणी, सराव, दोन-तीन क्वालिफाइंग हीट (क्रम ठरवणाऱ्या शर्यती), मग ए-मेन, बी-मेन अशा अंतिम शर्यती. हीटमध्ये गाड्या एकेक करून सोडतात आणि प्रत्येकाचं घड्याळ स्वतःचं. अंतिम शर्यतीत सगळे एकत्र. गाडीत ट्रान्सपॉन्डर हवा. तो विकत घ्या, काही क्लब भाड्याने देतात. आपली शर्यत संपली की लगेच पुढच्या हीटला मार्शल म्हणून ट्रॅकवर उभं राहायचं. हे चुकवलं तर अनेक ठिकाणी तुमची सर्वांत चांगली हीट रद्द होते. उलटलेली गाडी उचलण्याआधी मागून येणाऱ्या गाड्या बघा. मागचा आपल्याहून फेरीने पुढे असेल तर त्याला वाट द्या, पण एकदम ब्रेक मारून नव्हे, आपली रेषा थोडी रुंद करून.

टायर हा आजचा सगळ्यात मोठा धडा आहे. पूर्वी माती आणि काटेरी टायर एवढंच होतं. आता ब्रिटनमध्ये हिवाळाभर शाळांच्या हॉलमध्ये कार्पेटवर, इतर ठिकाणी अ‍ॅस्ट्रोटर्फवर (कृत्रिम गवतावर) किंवा पाणी मारून घट्ट केलेल्या चिकणमातीवर चालतं. प्रत्येकाला टायर वेगळा आणि आतला फोमही वेगळा. तिथे जे पहिले तीन लावतात तेच टायर घ्या. पकड वाढल्यामुळेच टू-व्हील बग्ग्यांची मोटर मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे, मध्यात आली. लिपो हलकी असल्यामुळे ते शक्यही झालं. टायरला लावायच्या द्रवावर काही हॉलमध्ये बंदी असते, आधी विचारा.

१३. मूळ जुनी गाडी विकावी, जपावी की री-रिलीज घ्यावी?

टामियाने हॉर्नेट २००४ मध्ये आणि ग्रासहॉपर २००५ मध्ये पुन्हा काढली. नंतर सँड स्कॉर्चरसुद्धा आली. चालवायला री-रिलीज घ्या, कारण तिचे पार्ट मिळतात आणि प्लॅस्टिक ताजं असतं. मूळ गाडी फक्त बॉडी, चाकं आणि डबा चांगला असेल तर जपा. उगाच नवा रंग मारू नका, त्याने तिची किंमत उतरते. ब्रिटन-अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या खास शर्यती होतात. तिथे री-रिलीज चालते की नाही, लिपो चालते की नाही, हे नियम दर ठिकाणी वेगळे. हाताशी असोसिएटेडची १९८४ ची सोनेरी चेसिसवाली आरसी१० असेल तर ती विकण्याआधी दहादा विचार करा.

१४. माझी नायट्रोची (इंजिनवाली) गाडी आहे. तिच्याबद्दल काही?

इंजिन फिरत नसेल तर जोर लावू नका. आत राहिलेलं तेल गोंदासारखं झालेलं असतं. हेअर ड्रायरने गरम करा, आफ्टर-रन तेल (इंजिन जपणारं तेल) सोडा, मग फ्लायव्हील हाताने हळूहळू हलवा. जुनं इंधन फेकून द्या, मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. युरोपीय संघात १६ टक्क्यांहून जास्त नायट्रोमिथेन परवान्याशिवाय घेता येत नाही, तेव्हा जुनी सवय तिथे बदलावी लागेल. आणि सोसायटीच्या आवारात नायट्रो चालवू नका. तिचा आवाज शेजाऱ्यांना सोसत नाही, आणि एक तक्रार झाली की सगळ्याच गाड्या बंद होतात.

१५. महाराष्ट्रात शर्यत लावायची तर?

ब्रिटनमध्ये बीआरसीए, अमेरिकेत रोअर या आरसी रेसिंगच्या संघटना आहेत, त्यांची क्लबांची घट्ट वीण आहे. आपल्याकडे तशी नाही. मोकळे पार्किंग, कॉलेजची मैदानं, कुणाची तरी शेतजमीन, असंच चालतं. म्हणून इथे सुरुवात उलट्या बाजूने करावी लागते. आधी चार माणसं एकाच प्रकारच्या गाड्या घ्यायला तयार करा, मग जागा शोधा. टामियाची टीटी-०२ ही चांगली सुरुवात आहे. बास्केटबॉलच्या सिमेंटवरही ती चालते आणि चौघांकडे एकच चंदेरी मोटर असेल तर शर्यत खरी होते. ट्रॅकला जुने फायर होज किंवा पाण्याचे पाइप पुरतात. ट्रान्सपॉन्डरची घाई नको, फेऱ्या मोजायला मुलं आनंदाने बसतात.

पावसाळ्यात एक काम न चुकता करा. चिखलातून आल्यावर बेअरिंग काढा, पुसा आणि तेलाचा थेंब द्या. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं ते इलेक्ट्रॉनिक्सबद्दल, बेअरिंग गंजतातच.

१६. बहीण अमेरिकेहून येतेय. गाडी आणि बॅटरी मागवू का?

गाडी चेक-इन बॅगेत चालते. सुट्या लिपो मात्र फक्त केबिन बॅगेत न्यायच्या, प्रत्येक पॅकच्या टोकांना टेप लावून, वेगवेगळ्या पिशव्यांत. मर्यादा वॉट-तासांत असते. १०० पर्यंत सहसा परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी एअरलाइनची संमती लागते. हिशेब सोपा आहे, ७.४ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-तास म्हणजे ३७ वॉट-तास. आकडा पॅकवर छापलेला असावा. पॅक स्टोरेजच्या व्होल्टेजवर, म्हणजे प्रश्न ४ मध्ये दिलेल्या पातळीवर आणायला सांगा. पॅकच्या संख्येवरही मर्यादा असू शकते, त्यामुळे तिकीट ज्या एअरलाइनचं तिला आधी विचारा.

कुरिअरने मागवायचा बेत असेल तर वेगळी अडचण आहे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणन सक्तीचं आहे. कस्टम्सने गाडीला खेळणं ठरवलं तर पार्सल अडकतं. सुटे पार्ट, शॉक, टायर यांना हा त्रास कमी होतो. म्हणून गाडी माणसाबरोबर आणि पार्ट कुरिअरने, ही वाटणी सोयीची पडते. बहिणीला डब्यावरचं बिल बरोबर ठेवायला सांगा, विमानतळावर विचारलं तर दाखवता येतं.